बंड्याचं माप आणि अडीच हजारांचा हिशेब

पत्र : डॉक्टर, आमचा बंड्या लॅब्रॅडॉर आणि गावठी असा मिश्र आहे, साडेतीन वर्षांचा. नसबंदी झालेली आहे. वजन 26 किलो. इथले डॉक्टर म्हणतात 22 हवं. आम्ही मिरजेत राहतो. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. बंड्याच्या खाण्यावर महिन्याला 2500 रुपयांच्या वर खर्च झेपत नाही. सध्या 175 रुपये किलोचं खाद्य आणतो, महिन्याला 13 किलो लागतं. शिवाय दोन चपात्या आणि आमच्या चहाबरोबर त्याची बिस्किटं. दुकानदार म्हणतो, यात नुसता मका आहे, 700 रुपये किलोचं 'ग्रेन-फ्री' (बिनधान्याचं) घ्या. नाहीतर मधलं एक 280 चं आहे. मुलगी व्हिडिओ दाखवते, स्वस्त खाद्य म्हणजे विष. सासूबाई म्हणतात, दूध-भाकरी घाला, आमच्या वाड्यातली कुत्री त्याच्यावरच जगली. मला त्याच्यापुढे भांडं ठेवताना रोज अपराधी वाटतं. पहिल्या आणि मधल्या, दोन्ही पिशव्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवतेय. चांगलं कुठलं आणि आमच्या खिशाला परवडेल असं कुठलं?
— एक वाचक, मिरज

ताई,

तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत कामाची वाटलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात: वजन 26, हवं 22. पिशवी कुठली ते नंतर बघू. आधी बंड्याला रोज किती लागतं आणि किती मिळतं, ते मोजू. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच सापडेल.

पशुवैद्यांचा एक सोपा आडाखा आहे. कुत्र्याचं असायला हवं ते वजन किलोमध्ये घ्या, 30 नं गुणा आणि त्यात 70 मिळवा. 22 किलोला 730 येतात. इतक्या कॅलरी नुसतं पडून राहायला लागतात. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याला 1.4 ते 1.6 नं गुणतात. बंड्याला वजन उतरवायचंय, म्हणून खालचा आकडा घेऊ. 1022 येतात, आपण हजार धरू.

आता त्याला मिळतं किती? महिन्याला 13 किलो म्हणजे रोज साधारण 430 ग्रॅम. तुमच्या पिशवीवर कॅलरी छापलेल्या नाहीत (हे मला आवडलेलं नाही, त्यावर पुढे बोलतो), पण मागच्या तक्त्यावरून काढता येतात. प्रथिनं 20 टक्के, स्निग्धांश 10, तंतू 5, ओलावा 10. राख, म्हणजे खनिजं, दिलेली नाही, ती 8 धरायची. या सगळ्यांची बेरीज 100 मधून वजा केली की 47 उरतात, तो पिष्टाचा भाग. प्रथिनं आणि पिष्ट यांच्या प्रत्येक ग्रॅमला साडेतीन कॅलरी, स्निग्धांशाच्या ग्रॅमला साडेआठ. 100 ग्रॅम दाण्यांत झाल्या सुमारे 320 कॅलरी. पिशवीवरचे आकडे 'किमान' आणि 'कमाल' असे असतात, त्यामुळे हा अंदाजच, पण कामापुरता पक्का.

430 ग्रॅमचे झाले 1375. दोन चपात्यांचे धरा 200. चार ग्लुकोज बिस्किटांचे 90 च्या आसपास. म्हणजे बंड्या हजाराच्या जागी साडेसोळाशेच्या पुढे खातोय. अपराधीच वाटायचं असेल तर त्याचं वाटू द्या, स्वस्त खाद्याचं नको.

हे मी गमतीनं लिहिलं असलं तरी मुद्दा गंभीर आहे. कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या प्युरिना कंपनीनं 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी खायला घातलं, खाद्य मात्र दोघांना एकच. हा प्रयोग ती कुत्री मरेपर्यंत चालला आणि निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री ज्या वयापलीकडे जगली ते, 11.2 वर्षं निघालं, कमी खाणाऱ्यांचं 13. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा गाठत होती. कुठल्याही महागड्या पिशवीनं आयुष्य इतकं वाढल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

आता मधल्या, 280 रुपयांच्या पिशवीचा फोटो बघू. प्रथिनं 24, स्निग्धांश 14, तंतू 4, ओलावा 10. त्याच रीतीनं मांडलं की 100 ग्रॅमला 343 कॅलरी. हजारातल्या शंभर कॅलरी वरच्या खाण्यासाठी बाजूला ठेवल्या तर 900 कॅलरी दाण्यांतून द्यायच्या, म्हणजे रोज 262 ग्रॅम. महिन्याला आठ किलोला थोडं कमी. खर्च 2200 रुपये. रोज एक उकडलेलं अंडं घातलं आणि ते सात-आठ रुपयांना धरलं, तरी सगळं मिळून 2450 च्या आत बसतं. आज तुम्ही तेरा किलोला जवळपास 2275 रुपये मोजताय, चपात्या-बिस्किटं वेगळी. चांगलं खाद्य तुमच्या पैशात बसत होतंच, मापात बसत नव्हतं.

खाणं कमी करायचं तेव्हा खाद्य जरा वरचं घ्यावं, याला आणखी एक कारण आहे. जीवनसत्त्वं, खनिजं, प्रथिनं हे सगळं त्याच थोड्या घासांतून मिळायला हवं. तरीही एखाद्या महिन्यात ओढाताण झाली आणि 175 वालीच पिशवी आणावी लागली, तर रोज 280 ग्रॅम घाला आणि स्वस्थ राहा. महिन्याचे पंधराशेही होणार नाहीत. त्या पिशवीवर 'प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण व समतोल आहार' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे, मी फोटोत पाहिलं. ते असेल तर ते खाद्य विष नाही. साधं आहे, एवढंच.

पिशवीवर पाहिलं पाहिजे ते हे वाक्य. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आणि कुठल्या वयासाठी: पपी, अ‍ॅडल्ट की सगळ्या वयांसाठी. बहुतेकदा सोबत पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेचं किंवा युरोपातल्या खाद्य-उत्पादकांच्या 'फेडियाफ' या संघटनेचं नाव असतं. आफ्कोच्या मानकात प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात पाणी वगळून किमान 18 टक्के प्रथिनं लागतात, वाढत्या पिल्लासाठी 22.5. तुमच्या दोन्ही पिशव्या प्रौढासाठीची रेघ सहज ओलांडतात. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलं असेल तर ते पोटभर घालायचं खाद्यच नव्हे. 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'होलिस्टिक', 'नॅचरल' हे शब्द किंमत वाढवायला छापतात. आणि पुढच्या बाजूला चमकणाऱ्या कोंबडीच्या तंगडीबद्दल मी काही बोलत नाही.

घटकांची यादी वाचाल तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते आणि ते वजन शिजवण्याआधीचं असतं. ताज्या चिकनमध्ये दोन-तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे 'फ्रेश चिकन' पहिल्या नंबरवर दिसलं तरी दाणे वाळल्यावर ते बरंच खाली सरकतं. 'चिकन मील' म्हणजे आधीच पाणी काढलेली भुकटी, ती दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असली तरी प्रथिनं खरी तीच देते. दुसरं, मका तीन नावांनी विभागून लिहिलेला असतो: मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लूटेन. तिन्ही एकत्र धरले की खरा पहिला नंबर कुणाचा ते कळतं. 'बाय-प्रॉडक्ट' दिसलं म्हणून दचकू नका. काळीज, पेटा, फुप्फुस हे त्यातच येतं आणि रविवारी चिकनच्या दुकानात आपण कलेजी-पेटा वेगळे पैसे देऊन मागून घेतो.

कंपनीचं एकच नाव मी सांगत नाही, कारण नावावरून दर्जा ठरत नाही. मार्स या एकाच कंपनीकडून स्वस्तातलं पेडिग्रीही येतं आणि महागडं रॉयल कॅनिनही. छत्तीसगडच्या आयबी ग्रुपच्या ड्रूल्समध्येही साध्या आणि वरच्या अशा पायऱ्या आहेत. त्याऐवजी पिशवीवरच्या ग्राहक सेवा क्रमांकाला फोन लावा आणि दोन प्रश्न विचारा: 100 ग्रॅममध्ये कॅलरी किती? आणि हे खाद्य ठरवतं कोण, पशुपोषणाचं शिक्षण घेतलेलं माणूस आहे का? कॅलरीचा आकडा ज्या कंपनीला स्वतःलाच सांगता येत नाही, तिच्यावर माझा विश्वास कमी बसतो. तुमच्या सध्याच्या पिशवीबद्दल मी वर कुरकुर केली ती याचसाठी.

ग्रेन-फ्री

दुकानदारानं सांगितलेलं 700 रुपयांचं खाद्य नऊशे कॅलरींच्या हिशेबानं महिन्याला पाच हजारांच्या पुढे जाईल. पण पैसे असते तरी मी ते सुचवलं नसतं. कुत्रं म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचत नाही, असं व्हिडिओत सांगतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती कुत्र्यात सापडल्या. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं काढल्यावर हे व्हायचंच. मका, तांदूळ, ज्वारी शिजवलेली असली की कुत्र्याला पचते. धान्याची खरी अ‍ॅलर्जी असलेली कुत्री असतात, पण थोडी. खाद्याच्या अ‍ॅलर्जीत चिकन, बीफ आणि दूध यांच्या तक्रारी गव्हापेक्षा जास्त येतात.

शिवाय 2018 च्या जुलैत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) एक चौकशी सुरू केली. हृदयाचे स्नायू सैल पडण्याच्या आजाराच्या ज्या तक्रारी आल्या होत्या, त्यांतली पुष्कळ कुत्री ग्रेन-फ्री खाद्यावर होती. धान्याऐवजी त्यात वाटाणा, मसूर, बटाटा असतो. कारण नक्की सिद्ध झालं नाही आणि 2022 च्या अखेरीस एफडीएनं नव्यानं काही हाती लागेपर्यंत यावर माहिती देत राहणं थांबवलं. म्हणून मी ते धोकादायक म्हणत नाही. अडीचपट पैसे मोजून मात्र घेऊ नका.

ग्रेव्हीच्या छोट्या पाऊचचंही तेच. 80 ग्रॅमच्या पाऊचमध्ये चार-पंचमांश पाणी असतं आणि प्रथिनं सहा-साडेसहा ग्रॅम. एका अंड्यातही तेवढीच.

सासूबाईंची भाकरी

त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. वाड्यातली कुत्री भाकरीवर जगली, हे अर्धं खरं आहे. ती उंदीर-घुशी मारायची, खाटकाच्या दुकानामागे हिंडायची, मेलेल्या जनावराचे लचके तोडायची आणि वर आपल्या दारची भाकरी खायची. बंड्याला बंद दारामागे नुसती दूध-भाकरी मिळाली तर पोट भरेल, पण प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडेल. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतही नाही, पातळ होतं. चमचाभर दही किंवा ताक चालतं. भाकरीचा चतकोर रोज सासूबाईंच्या हातून मिळू दे, तो त्या शंभर कॅलरींत धरा. अंड्याचे सत्तर आणि चतकोर भाकरीचे तीसेक, संपला कोटा. चपात्या मात्र पूर्ण बंद.

सगळंच घरी शिजवायचा विचार आला तर आधी एवढं ऐका. चिकन-भात दोन-चार दिवस उत्तम, पोट बिघडल्यावर तर मीच सांगतो. महिनोन्‌महिने तेच घातलं तर हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. ऊन खाऊन ड जीवनसत्त्व तयार करायची आपली सोय कुत्र्याच्या कातडीत फारशी नाही, तेही अन्नातूनच लागतं. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चमचा घातली तर सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं, बंड्याच्या दिवसाच्या गरजेइतकं. पण जस्त, आयोडिन, ड आणि ई यांचं गणित उरतंच, आणि ते बाजारातून आणून जुळवायला गेलात की अडीच हजार पुरत नाहीत. म्हणून तुमच्या घरासाठी दाणे मुख्य आणि वर थोडं घरचं, हेच ठेवा. चिकनच्या दुकानात पाय-मुंडी स्वस्तात मिळते. ती बिनमिठाची उकडा, हाडं एकूण एक काढून टाका आणि गार झाल्यावर वरची चरबी काढून पाणी दाण्यांवर ओता. शिजलेलं हाड फुटून अणकुचीदार होतं आणि आतड्यात घुसतं. त्या शस्त्रक्रियेचा खर्च तुमच्या अडीच हजारांच्या हिशेबात बसणार नाही.

सांगली-मिरजेच्या घरात दोन गोष्टींची मला जास्त धास्ती वाटते. एक, कांदा-लसूण मसाला. उरलेला रस्सा भाताला चोळून कुत्र्याला घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजलेला असो की भाजून मसाल्यात कुटलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एका दिवसात लक्षात येत नाही, म्हणून तर चालत राहतं. दुसरी, बेदाणे. तासगावचे पाहुणे आले की घरात किलोनं बेदाणे येतात. द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्यानं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि कुणाला किती मानवतील हे आधी सांगता येत नाही. डबा वरच्या फळीवर ठेवा. पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

आता बिस्किटं. बंड्या तुमच्याकडे डोळे लावून बसणार, हे मला माहीत आहे. लॅब्रॅडॉरमध्ये साधारण चौघांत एकाच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांना भूक जास्त लागते, असं केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं. बंड्या त्यातला असेलही. चहाच्या वेळी त्याला गाजराचे, काकडीचे तुकडे द्या. रात्रीच्या भांड्यात मूठभर उकडलेली फरसबी मिसळा. पोट भरल्यासारखं वाटतं आणि कॅलरी नावापुरत्या. पहिले आठ दिवस तो तोंड फिरवेल, मुलगी चोरून बिस्किट देईल. तिला वरचा हिशेब वाचून दाखवा.

पिशवी घरी आल्यावर

20 किलोची पिशवी किलोमागे स्वस्त पडते, पण 262 ग्रॅमनं ती अडीच महिने चालेल. उघडल्यावर महिना-सव्वा महिन्यात संपेल अशीच घ्या, तुम्हाला 10 किलोची बरोबर पुरते. छापील किमतीजवळ किलोमागचा दर असतो, वेगवेगळ्या आकारांच्या पिशव्या त्यावरून ताडून बघा. ओळखीत आणखी कुणाकडे कुत्रं असेल तर मोठी पिशवी एकाच दिवशी फोडून वाटून घ्या आणि दोघांनीही बॅच नंबर व तारखेचा फोटो काढून ठेवा.

पोत्यातून काढून सुटं विकतात ते मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. कधी फोडलं, कुठल्या बॅचचं, काही कळत नाही. स्निग्धांश खवट होतो, आणि पावसाळ्यात दमट हवेत मक्यावर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृत निकामी करतं. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेत अशाच दूषित मक्याच्या खाद्यामुळे माल परत मागवावा लागला, आणि शंभराहून जास्त कुत्री दगावल्याच्या तक्रारी एफडीएकडे आल्या. तिथं बॅच नंबरामुळे माल ओळखता तरी आला. घरात दाणे मूळ पिशवीतच ठेवा, तोंड दुमडून चिमटा लावा आणि ती अख्खी पिशवी स्टीलच्या डब्यात ठेवा.

दाणे मोजायला चहाचा मग वापरू नका. एक मग कुणी सपाट भरतं, कुणी शीग लावून. शिवणकामात टेप लावल्याशिवाय कापड कापत नाही ना? स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, एकदा 131 ग्रॅम तोलून एका वाटीवर पेनानं रेघ मारा. सकाळी रेघेपर्यंत, संध्याकाळी रेघेपर्यंत.

नवं खाद्य एकदम सुरू करायचं नाही. आहे ती पिशवी संपायला आठवडा उरला असताना नवी आणा. दोन दिवस पाव हिस्सा नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एखाद दिवस शी मऊ झाली तर तिथंच थांबा, घट्ट झाली की पुढे जा. उलट्या, रक्त किंवा एक दिवसाहून जास्त उपास दिसला तर थेट डॉक्टरांकडे न्या.

दर पंधरा दिवसांनी मिस्टरांना वजनकाट्यावर उभं करा, आधी एकट्याला, मग बंड्याला उचलून. महिन्याला एक किलोच्या आसपास उतरलं तर माप बरोबर आहे. काहीच हललं नाही तर दाणे 25 ग्रॅमनं कमी करा. फार भरभर उतरलं तर वाढवा. छातीवरून हात फिरवताना बरगड्या न दाबता लागल्या, वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसली, की काट्यावर 22 आहे की 23 याची चिंता सोडा. त्यानंतर माप हळूहळू 300 ग्रॅमपर्यंत न्यावं लागेल. तेव्हाही महिन्याचे नऊ किलो म्हणजे 2520 होतात, अंड्यासह पावणेअठ्ठावीसशेपर्यंत. ते जड वाटलं तर अंडं एक दिवसाआड करा आणि रोजच्या दाण्यांत मधल्या पिशवीचे निम्मे, जुन्याचे निम्मे मिसळा. दोन्ही 'संपूर्ण' खाद्यं आहेत, मिसळल्यानं काही बिघडत नाही.

रेबीजची वर्षाची लस, जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त यांचे पैसे या अडीच हजारांतून काढू नका. त्यासाठी महिन्याला दोनशे-तीनशे वेगळे टाकत चला, अगदी त्यासाठी 175 ची पिशवी घ्यावी लागली तरी.